रिकामं आहे हे माहीत असलं तरी

शहाड स्टेशनबाहेरच्या सकाळच्या गर्दीत कुणाच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल आहे, हे तुम्हाला कळणार नाही. ते कळू नये असाच नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं. ते पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात हवं. कुणाला दाखवायचं नाही, कुणासमोर परजायचं नाही. ज्याला परवाना मिळतो, त्याच्यावर पहिली जबाबदारी येते ती न दिसण्याची.

असा माणूस असतो तरी कोण? सिनेमात दिसतो तसा तर मुळीच नसतो. तो कल्याणच्या बाजारपेठेतला सराफ असतो, रात्री दुकान वाढवून दागिन्यांची पेटी घरी नेणारा. मुरबाड रोडवरच्या एखाद्या पंपाचा मालक असतो, दिवसाची रोकड बँकेत भरायला निघालेला. फौजेतून निवृत्त होऊन पैशांच्या गाडीवर नोकरी धरलेला कुणी असतो. ही तुमच्याआमच्यासारखीच माणसं. डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी भाजी घेऊन परततात. त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. ज्यांच्या घरात शस्त्र नाही आणि कधी येणारही नाही, त्यांनाही ती उपयोगी पडेल. म्हणून आज तिच्याविषयी.

परवान्याची वाट लांब आहे, आणि ती लांबच असायला हवी. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की वय किमान २१ हवं. शहाड हा भाग ठाणे पोलिस आयुक्तालयात येतो, म्हणून अर्ज तिकडे जातो. पोलिस चौकशी करतात. शेजारीपाजारी विचारतात, जुने गुन्हे तपासतात, तुम्हाला शस्त्राची गरज का वाटते ते ऐकून घेतात. शस्त्र कसं धरायचं, कसं न्यायचं, कसं साफ करायचं आणि कुठे ठेवायचं, याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. २०१९ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षं झाली. एका माणसाकडे पूर्वी तीन शस्त्रं चालत, ती दोनवर आली. लग्नात किंवा हळदीत आनंदाने बार काढला आणि त्यातून दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा बदल मला फार योग्य वाटतो. आनंद व्यक्त करायला आपल्याकडे ढोलताशे आहेत, बेंजो आहे.

परवाना हाती आला की निवडीचा प्रश्न येतो. इथे फार पर्याय नसतात. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल फौजेचं आणि पोलिसांचं, सामान्य माणसाला ते बंद आहे. त्याला मिळतं ते बहुधा पॉइंट ३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. आपल्या शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी आहे खरी, पण ही छोटी शस्त्रं तिथली नव्हेत. ती मुख्यतः कानपूरची आणि बंगालमधल्या ईशापूरची. कानपूरच्या निर्माणीने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलो वजनाचं. बाईच्या पर्समध्ये मावावं, असा विचार त्यामागे होता. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. ते थोडं जड आहे, पण त्याचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं आणि रिकामं करणं सोपं जातं.

दुकानात गेलेला नवखा माणूस आधी सगळ्यात लहान वस्तूकडे हात नेतो. ते साहजिक आहे. रोज अंगावर वागवायचं तर हलकं बरं, चपटं बरं, सदऱ्याखाली उठून न दिसणारं बरं. पण जाणकार विक्रेता किंवा प्रशिक्षक असेल तर तो इथेच थांबवतो. तो म्हणतो, आधी मूठ धरून बघा. लहान पिस्तुलाच्या मुठीवर करंगळीला जागाच उरत नाही, ती हवेत राहते. मग पकड सैल पडते. वजन कमी असलं की बार उडताना झटका जास्त लागतो. मोठ्या शस्त्राचं वजन तो झटका स्वतः पचवतं, लहानाचा झटका मनगटाला सोसावा लागतो. नळी आखूड असली की पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ येतात. नेम धरताना डोळ्याची केसाएवढी चूक झाली, तरी पुढे ती हातभर होते. म्हणजे जे वागवायला सोपं, ते चालवायला अवघड. चालवायला जे सोपं, ते दिवसभर कमरेला टोचतं. या दोहोंच्या मधली जागा ज्याची त्याने आपल्या हाताच्या मापाने शोधायची असते. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपण घ्यावं, असं इथे चालत नाही. हात ज्याचा त्याचाच असतो.

पिस्तूल की रिव्हॉल्वर, हाही प्रश्न असतोच. रिव्हॉल्वरचं चक्र उघडलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. भरलेलं किती, रिकामं किती, हे लहान मूलही सांगेल. पिस्तूल चपटं असतं, झाकायला सोयीचं. पण त्यात एक काडतूस डोळ्याआड राहू शकतं. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं तरी नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, एक गोळी बसलेली असू शकते. बाहेरून पिस्तूल रिकामं दिसतं, पण ते रिकामं नसतं. ही एवढी गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं समजतं.

मग सवय करून घेण्याचे दिवस सुरू होतात. सुरुवातीला कमरेवरचं ते वजन क्षणभरही विसरता येत नाही. खुर्चीवर बसलं की टोचतं. स्कूटरवर बसलं की वर सरकतं. थोरल्यांच्या पाया पडायला वाकलं की सदरा वर जातो आणि माणूस गडबडतो. पंगतीत मांडी घालून बसणं नकोसं होतं. सदरे एक माप मोठे शिवून घ्यावे लागतात, पट्टा जाड घ्यावा लागतो. बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं तर आधी प्रश्न पडतो, हे घरी ठेवू का? बहुतेक जण घरी, कुलपात ठेवून जातात, आणि ते बरंच करतात. शस्त्र घेतल्यावर शिकायची एक मोठी गोष्ट म्हणजे ते कधी न्यायचं नाही.

या दिवसांत हात सारखा तिकडे जातो. आहे ना जागेवर, म्हणून माणूस चाचपून बघतो. प्रशिक्षक ही खोड आधी मोडतात. झाकलेली वस्तू चाचपली की ती झाकलेली राहत नाही. बघणाऱ्याला कळतं. शिवाय ज्याचा हात वारंवार शस्त्राकडे जातो, त्याचं मनही तिकडेच राहतं. म्हणून सांगतात, चांगलं होल्स्टर घ्या, चाप पूर्ण झाकणारं घ्या, आणि मग हात मोकळा सोडा. घरी रिकामं शस्त्र लावून वावरा. जिना चढा, पाण्याची बादली उचला, खाली वाका, उठा. हळूहळू अंग ते वजन सामावून घेतं. काही आठवड्यांनी माणूस जेवायला बसतो, उठतो, आणि ते कमरेला आहे याची आठवणही त्याला होत नाही.

इथेच मला थांबावंसं वाटतं. कारण सवय झाली म्हणून माणूस जिथे सुटकेचा श्वास टाकतो, तिथेच खरं काम सुरू होतं. हाताला सवय व्हावी, ते चांगलंच. बोट चापाबाहेर, शस्त्राच्या अंगालगत सरळ राहावं, तेही न ठरवता. नळीचं तोंड माणसाकडे जाऊ नये, तेही आपोआप. इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की झोपेतून उठवलं तरी चुकू नये. पण बघण्याची सवय होऊन चालत नाही. दर वेळी शस्त्र हातात घेतलं की ते नव्याने बघावं लागतं. काल रात्री आपणच रिकामं करून ठेवलं, कपाटाला आपणच कुलूप लावलं, किल्ली आपल्याच खिशात होती. तरी सकाळी उचलताना ते भरलेलंच आहे असं धरून उघडून बघायचं. माहीत असलं तरी बघायचं.

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट अनेकांना आठवत असेल. अभिनेते गोविंदा जुहूच्या घरून कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली. ती त्यांच्या डाव्या पायाला, गुडघ्याखाली लागली. रुग्णालयात गोळी काढली आणि काही दिवसांत ते घरी आले. सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांना दोष द्यावा असं यात काही नाही. पहाटेची वेळ, प्रवासाची घाई, हातात दहा वस्तू. असं कुणाच्याही घरी होऊ शकतं, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवायचं. घाईच्या वेळी शस्त्राला हातच लावू नये. निघायच्या आदल्या रात्री, शांतपणे बसून, सगळं आवरून ठेवावं.

जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरबद्दल जाणती माणसं आणखी एक गोष्ट सांगतात. त्यांत घोडा पुढे टेकलेला असतो, तो थेट काडतुसाच्या बुडाशी. वस्तू पडली आणि घोड्यावर नेमका धक्का बसला, तर चाप न ओढताही बार उडू शकतो. म्हणून जुने लोक घोड्याखालचं एक घर मुद्दाम रिकामं ठेवतात. सहा मावत असताना पाचच भरायची. अलीकडच्या बऱ्याच घडणींत यासाठी आतच अटकाव असतो. तरी ज्यांना ती रीत लागली, त्यांनी ती सोडलेली नाही. मला या माणसांविषयी आदर वाटतो. एक गोळी कमी असण्याचा धोका त्यांनी तोलला, आणि घरातल्यांच्या पायांना जास्त मोल दिलं.

तपासायचं कसं, यालाही क्रम आहे. आधी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. मग मॅगझिन काढून खाली ठेवायचं. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची, आत असलेली गोळी बाहेर पडू द्यायची आणि स्लाइड मागेच धरून आत बघायचं. अंधार असेल तर करंगळीचं टोक घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली, तर जुनी गोळी बाहेर पडते खरी. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत नेऊन बसवते. मग मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं. गोळी बाहेर पडलेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते ना. त्याने सगळं केलेलं असतं, फक्त आधीचं नंतर केलेलं असतं. म्हणून प्रशिक्षक एकदा बघून समाधान मानत नाहीत. बघा, नजर दुसरीकडे न्या, आणि परत बघा, असं सांगतात. पहिल्या वेळी माणूस जे असेल असं वाटतं तेच बघतो. दुसऱ्या वेळी जे आहे ते दिसण्याची शक्यता जास्त असते.

हे लिहिताना मला आपली रेल्वे आठवते. शहाडवरून कसाऱ्याकडे, नाशिककडे किती लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. त्यांच्या इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो उच्चारून दुजोरा द्यायचा, अशी रीत आहे. दोघांनाही डोळे आहेत. दोघांनाही तो खांब पाठ आहे. या मार्गावर ज्याची नोकरी वर्षानुवर्षं झाली, त्याला कुठला सिग्नल कुठल्या वळणाआड आहे हे स्वप्नातही सांगता येईल. तरी बोलायचं. कारण खांब पाठ असतो, पण आजचा रंग पाठ नसतो. रोज हिरवा असलेला सिग्नल आज पिवळा असू शकतो, आणि रोजच्या हिरव्याची सवय झालेला डोळा तो पिवळा हिरवा म्हणून वाचू शकतो. तोंडाने बोललं की डोळ्याला नीट बघावं लागतं. कित्येक परवानाधारकही हेच करतात. चेंबर बघून झालं की 'रिकामं' असं स्वतःशीच, पण ऐकू येईल असं म्हणतात. घरचे सुरुवातीला हसतात. मग त्यांनाही ते ऐकल्याशिवाय बरं वाटत नाही.

आपल्या नेमबाजांकडे बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या पातळीवरचे खेळाडू हजारो वेळा शस्त्र उचलतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण रोज रिकामं पिस्तूल नुसतं समोर धरून उभे राहण्याचा सराव करतात. गोळी नाही, आवाज नाही, फक्त हात स्थिर ठेवणं. पण रेंजवर नेम धरायची वेळ नसली की त्यांच्याही पिस्तुलाच्या चेंबरमध्ये भडक रंगाची दोरी किंवा पट्टी घातलेली असते. आत गोळी नाही हे लांबूनही दिसावं, म्हणून. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा तो नियमच आहे. पदक मिळालं म्हणून पट्टी सुटत नाही. नवशिक्या मुलीच्या पिस्तुलात जी पट्टी, तीच विजेतीच्या पिस्तुलात. मला हे फार सुंदर वाटतं. कौशल्य कितीही वाढलं तरी काळजीची पायरी सगळ्यांना सारखीच असते.

आणि एक सवय आहे, तिचं शस्त्राच्या लोखंडाशी काही नातं नाही. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला भांडता येत नाही. शहाडच्या पुलावर गाड्या खोळंबतात, कुणी मागून हॉर्न वाजवत राहतं, कुणी आरसा घासून जातं, वर तोंडही वाजवतं. एरवी आपण खाली उतरून दोन शब्द सुनावले असते. तो माणूस उतरत नाही. काच वर करतो, हात जोडतो, जाऊ देतो. चूक समोरच्याची असली तरी माफी तोच मागतो. रांगेत कुणी पुढे घुसलं तर घुसू देतो. घरी भावाभावांत जमिनीवरून आवाज चढला तर आधी खोलीबाहेर पडतो. कारण त्याला कळलेलं असतं की त्याच्या रागाला आता फार लांब हात आहेत. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री शेजारच्या उल्हासनगरात, हिललाइन पोलिस ठाण्याच्या आतच गोळ्या झाडल्या गेल्या. मागे जमिनीचा वाद होता. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्याचा निवाडा तिथे होईल. आपल्या भागात ती बातमी वाचून कितीतरी परवानाधारकांनी त्या रात्री आपलं कपाट पुन्हा एकदा बघितलं असेल, असं मला वाटतं.

ज्यांना मी जवळून पाहिलं आहे, त्यांतली बरीच माणसं शस्त्र आल्यावर जास्त सोशिक झालेली दिसली. आधी ती तापट होती, असं त्यांच्याच घरचे सांगतात. मद्य सोडलं, कारण दोन्ही एकत्र चालत नाहीत. रात्रीचं जागरण कमी केलं. रागाच्या आधी एक क्षण थांबायला शिकली. हे सगळं पिस्तुलाने केलं नाही, त्यांनी स्वतः केलं. पण खरं सांगू का, यातलं काहीही करायला परवाना लागत नाही. पुलावर काच वर करून हात जोडणं तुम्हाआम्हालाही जमण्यासारखं आहे, अगदी आज सकाळपासून.

घरातली व्यवस्था मात्र थोडक्यात सांगून पुढे जाता येणार नाही. आपली घरं लहान. दोन खोल्यांत पाच-सहा माणसं. किल्ली कुठे ठेवतात हे मुलांना मोठ्यांच्या आधी माहीत असतं. पिठाच्या डब्यामागे, देव्हाऱ्यातल्या समईखाली, गादीच्या कोपऱ्यात. मुलं सगळं बघत असतात. म्हणून शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. किल्ली अंगावर राहावी. बायकोला, घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला माहीत असावं की वस्तू आहे, कुठे आहे आणि तिला हात का लावायचा नाही. लपवून ठेवलेल्या गोष्टीची मुलांना ओढ लागते. सरळ सांगितलेल्या गोष्टीची तेवढी लागत नाही. कुणी घरात फार उदास असेल, खचलेलं असेल, तर त्या काळात शस्त्र घरात ठेवूच नये. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात ते जमा करता येतं. हे करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही, आणि म्हटलं तरी त्याने ते ऐकून सोडून द्यावं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना तसंही जमा करावं लागतंच. ते परत आणल्यावर पहिलं काम कुठलं, हे आता सांगायला नको.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. शहाड हा गिरण्या-कारखान्यांचा भाग, सेंच्युरी रेयॉनच्या आधाराने इथे किती घरं उभी राहिली. त्या दिवशी यंत्रं थांबतात, पुसली जातात, तेल घातलं जातं, झेंडूची माळ चढते. घरातलं पिस्तूलही त्या दिवशी पाटावर येतं. पूजेआधी ते उघडून साफ केलं जातं, म्हणजे वर्षातून एकदा तरी प्रत्येक भाग हाताखालून जातो. गंज कुठे धरलाय, स्प्रिंग कुठे सैल झालीय, ते दिसतं. आपल्या दमट हवेत, खाडी-नदीच्या जवळ, लोखंडाला पावसाळा सोसत नाही. म्हणून नवमीची वाट न बघता श्रावणातही एकदा तेलाचा हात फिरवावा. आणि पाटावर ठेवण्याआधीही तेच: मॅगझिन, स्लाइड, नजर, पुन्हा नजर. हळदीकुंकू त्यानंतर.

तुमच्यापैकी कुणी परवान्यासाठी अर्ज करायच्या विचारात असेल, तर आधी एक करा. पैसे भरण्याआधी प्रशिक्षण घ्या. एखाद्या रेंजवर जा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दोन-तीन वेगवेगळी शस्त्रं हातात घेऊन बघा. त्यांचं वजन, आवाज आणि झटका अनुभवा. घरच्यांशी बोला. रोकड न्यायची वेळ बदलता येते का, वाट बदलता येते का, पैसे थेट खात्यात भरण्याची सोय करता येते का, हेही बघा. बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच सुटतो आणि शस्त्राची गरज उरत नाही. ते उत्तम. काहींना तरीही ते घ्यावं लागतं. त्यांनी विक्रेत्याला सांगावं, घाई नाही, मला हे सगळे एकेकदा हातात धरून बघू द्या. आणि प्रत्येक वेळी, त्याने काचेवर ठेवण्याआधी स्वतः उघडून दाखवलं असलं तरी, आपणही एकदा उघडून बघावं.